अकरा रात्री, आठ शेल आणि चौऱ्याहत्तर चाचण्या

मंगळवार, २० ऑगस्ट २०२४. सकाळी पावणेदहाला तुर्भ्याच्या एका शीतगृहातून फोन आला. आवक-नोंदीची एक फाइल त्यांच्याकडून चुकून पुसली गेली होती. "बॅकअपमधून काढून द्या ना मॅडम, तुमचं पाच मिनिटांचं काम." मी लगेच हो म्हटलं. रोज रात्री अडीच वाजता आमच्या स्क्रिप्टकडून "बॅकअप पूर्ण" असा संदेश येत होता, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती.

आदल्या रात्रीची फाइल उघडायला गेले तर ती चार केबीची निघाली. त्याच्या आदल्या रात्रीची बारा केबी. खरं तर ती दोन जीबीच्या आसपास असायला हवी होती. मागे मागे जात राहिले. ९ ऑगस्टपासून अकरा रात्रींचा एकही बॅकअप धड नव्हता आणि अकराही रात्री "पूर्ण" असा संदेश आला होता. त्या क्षणी पोटात जो खड्डा पडला तो अजून आठवतो.

मी महापेच्या एका छोट्या कंपनीत सिस्टिम ॲडमिन आहे. आम्ही गोदामं, शीतगृहं आणि छोट्या कारखान्यांच्या सर्व्हरची देखभाल करतो. या घटनेनंतर पाच महिने मी एक काम लावून धरलं: आमच्या शेल स्क्रिप्ट वेगवेगळ्या शेलवर सारख्याच चालतात का, हे तपासणाऱ्या चाचण्या उभ्या केल्या. (शेल म्हणजे टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम, आणि शेल स्क्रिप्ट म्हणजे अशा कमांड ओळीने लिहिलेली फाइल.) सुरुवातीला कुठून धरावं तेच कळत नव्हतं. इंटरनेटवर शेलमधल्या फरकांच्या याद्या पुष्कळ आहेत, पण चाचण्यांचं काम प्रत्यक्ष कसं उभं करायचं, परवानग्या कुठे अडतात, वेळ कुठे जातो, हे सांगणारं फारसं सापडलं नाही. म्हणून तारखांसकट लिहितेय.

आधी झालं काय ते. सेंटओएस ७ या लिनक्स प्रणालीची मुदत ३० जून २०२४ ला संपली. आमचे बरेच ग्राहक त्यावर होते. आम्ही एकेकाला डेबियन १२ या दुसऱ्या लिनक्सवर आणत होतो आणि शीतगृहाची पाळी ९ ऑगस्टला आली. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत शेल म्हणून बिन-एसएच (/bin/sh) लिहिलेलं. सेंटओएसवर त्या नावामागे बॅश हा शेल असतो, डेबियनवर डॅश हा. उबंटूने हा बदल २००६ मध्येच केला आणि डेबियनने २०११ मध्ये, कारण डॅश लहान आणि चपळ आहे. हे मला वाचून माहीत होतं. पण आपल्या स्क्रिप्टमधली दोन चिन्हं त्यामुळे वेगळा अर्थ घेतील, हे डोक्यात आलं नव्हतं.

ती दोन चिन्हं म्हणजे &> ही जोडी. बॅशमध्ये तिचा अर्थ: कमांडचं सगळं बोलणं, चुकांसकट, या फाइलमध्ये घाल. डॅशला ही जोडी माहीतच नाही. तो दोन्ही चिन्हं सुटी वाचतो. & म्हणजे मागची कमांड पार्श्वभूमीवर सोडून दे आणि पुढे चल. मग > म्हणजे ही फाइल रिकामी उघड. फाइल रिकामी उघडणं नेहमीच जमतं, म्हणून निकाल यशस्वी! आमची ओळ "टार नीट झालं तर पूर्ण म्हण" अशी होती. टार म्हणजे फाइलींचं एकच गाठोडं, अर्काइव्ह, बांधणारी कमांड. डॅशने टारला मागे सोडलं, लॉगची फाइल कोरी केली आणि पूर्ण म्हटलं. पुढच्या ओळीने अर्धवट अर्काइव्ह दुसऱ्या डिस्कवर कॉपी केलं, त्यापुढच्या ओळीने मूळ अर्काइव्ह जागा वाचवायला पुसलं. कुठेही एरर नाही. प्रत्येक ओळ आपापल्या परीने बरोबरच वागली.

पुसलेली फाइल परत मिळाली नाही. त्या आठवड्याच्या आवक पावत्या कागदावर होत्या. मी आणि आमचा एक ज्युनियर दोन दिवस शीतगृहाच्या ऑफिसात स्वेटर घालून बसलो आणि त्या पुन्हा भरून दिल्या. मालक रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "मॅडम, आम्ही तुमच्या भरवशावर झोपतो हो." त्या वाक्यानंतर हे काम करायचंच असं ठरलं.

पहिला आठवडा मी एकही चाचणी लिहिली नाही, नुसती मोजणी केली. नवख्या माणसाला मी हेच सांगेन: आधी मोजा. नऊ ग्राहकांकडे मिळून आमच्या १६३ स्क्रिप्ट निघाल्या. पहिल्या ओळीत एसएच म्हणणाऱ्या ११८, बॅश म्हणणाऱ्या ३१, कॉर्न शेल म्हणणाऱ्या ९, आणि ५ मध्ये पहिली ओळच नव्हती. मग प्रत्येक मशीनवर एसएच या नावामागे खरोखर कोण बसलंय ते पाहिलं. त्यासाठी बिन-एसएचवर एलएस-एल (ls -l) चालवायचं, दुवा कुठे जातो ते बहुतेक ठिकाणी दिसतं. एसएचलाच त्याचं व्हर्जन विचारायला जाऊ नका. डॅश त्यावर "इल्लीगल ऑप्शन" एवढंच म्हणतो. व्हर्जन पॅकेजच्या यादीतून काढा.

यादी अशी झाली. डेबियनवर डॅश. नव्या मशीनवर बॅश ५.२, अजून न हलवलेल्या सेंटओएसवर बॅश ४.२. दोन डेव्हलपरांच्या मॅकवर बॅश ३.२, बॅश ४ पासून परवाना बदलला आणि ॲपल ३.२ वरच राहिलं. त्याच मॅकवर टर्मिनल उघडलं की २०१९ च्या कॅटालिनापासून झेडशेल येतो, आणि आमची मुलं ओळी आधी तिथे चिकटवून बघतात, म्हणून तोही धरला. अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या कंटेनरमध्ये (मशीनच्या आत चालणारा वेगळा कप्पा) बिझीबॉक्सचा ॲश. एका फायरवॉलवर फ्रीबीएसडी या युनिक्ससारख्या प्रणालीचा एसएच. आणि ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कारखान्यात आयबीएमची एआयएक्स ७.१ प्रणाली, जिचा नेहमीचा शेल कॉर्न. एकूण आठ. सी शेल, फिश, याश वगैरे मी यादीतून काढून टाकले, कारण आमच्या एकाही मशीनवर आमची स्क्रिप्ट त्यांच्याकडून चालत नव्हती. जगातले सगळे शेल तपासायला बसलात तर काम कधीच संपणार नाही.

३० ऑगस्टला मी दोन पानांची टिपणी लिहून टीम लीड मॅडमना दिली. घटना काय झाली, किती स्क्रिप्ट, कोणते शेल, किती वेळ लागेल, काय विकत घ्यावं लागेल. मी सहा आठवडे पूर्ण वेळ मागितला होता. मंजुरी मिळाली ती आठवड्यातून दोन दिवसांची, आणि एका जुन्या डेस्कटॉपची. मशीनसाठी इंडेंट (खरेदीची मागणी) भरा, तीन कोटेशनं जोडा, मग फायनान्स, मग परचेस. गणपती ७ सप्टेंबरला बसले, १७ ला अनंत चतुर्दशी. त्या दिवसांत दोन सह्या अडकल्या. नौपाड्यातल्या एका दुकानातून वापरलेला, १६ जीबी मेमरीचा डेस्कटॉप १८,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे २१,२४० रुपयांना घेतला. २३ सप्टेंबरला तो गेटवर आला आणि बिलावर सीरियल नंबर नाही म्हणून सिक्युरिटीने इनवर्ड एंट्री केली नाही. दुकानदाराने दुसऱ्या दिवशी दुरुस्त बिल पाठवलं. वापरलेलं मशीन घेताना बिलावर सीरियल नंबर लिहून घ्यायला विसरू नका, एक दिवस वाचेल.

मशीनची वाट बघत बसले नाही. सप्टेंबरभर मी माझ्या लॅपटॉपवर दोन फुकटची साधनं चालवली. शेलचेक, आणि डेबियनच्या डेव्हस्क्रिप्ट्स पॅकेजमध्ये येणारं चेकबॅशिझम्स. दोन्ही स्क्रिप्ट न चालवता नुसती वाचतात आणि "हे एसएचमध्ये चालेलच असं नाही" म्हणून खूण करतात. एका दुपारीच चौकोनी दुहेरी कंस, "सोर्स" शब्द, तुलनेतली दोन बरोबरची चिन्हं, असं पुष्कळ हाती लागलं. आणि हो, ती &> ची जोडीही शेलचेकने बिनचूक दाखवली. मी हे साधन स्थलांतराच्या आधी चालवलं असतं तर अकरा रात्री वाया गेल्या नसत्या. ज्यांना पाच महिने द्यायला नाहीत त्यांनी निदान ही एक दुपार द्यावी.

मग चाचण्या कशाला? कारण ही साधनं ओळ वाचतात. त्या ओळीने बोलावलेली कमांड त्या मशीनवर कशी वागेल ते त्यांना कळत नाही. आणि शेलचेक झेडशेल तपासत नाही.

चाचणीचा साचा मी साधा ठेवला. प्रत्येक चाचणी म्हणजे दहा-पंधरा ओळींची एक छोटी स्क्रिप्ट, जिच्यात एकच शंका. सोबत तीन गोष्टी लिहायच्या: काय छापलं जायला हवं, शेवटी निकालाचा आकडा काय असायला हवा, आणि ही चाचणी कुठल्या खऱ्या स्क्रिप्टमधून आली. तिसरी गोष्ट सुरुवातीला जादा वाटली, पण पुढे तीच सर्वांत जास्त कामाला आली.

इथे माझी पहिली मोठी चूक झाली. अपेक्षित उत्तरं हाताने लिहायचा कंटाळा म्हणून मी प्रत्येक चाचणी बॅशवर चालवली आणि जे आलं तेच "बरोबर उत्तर" म्हणून साठवलं. ३२ चाचण्या अशा झाल्या. मग एक चाचणी झेडशेलवर नापास झाली. फाइलमधल्या ओळी पाइपमधून (एका कमांडचं बोलणं दुसरीकडे नेणारी जोडणी) व्हाइल लूपमध्ये सोडायच्या, प्रत्येक ओळीला मोजणी एकने वाढवायची आणि शेवटी आकडा छापायचा. पाच ओळींची फाइल. झेडशेलने ५ छापलं, माझं साठवलेलं "बरोबर उत्तर" होतं ०.

पाच ओळींचं उत्तर शून्य असेल तर चूक झेडशेलची नव्हे. बॅश आणि डॅश पाइपचा शेवटचा तुकडा वेगळ्या उप-शेलमध्ये चालवतात, तिथे वाढलेली मोजणी तिथेच मरते. झेडशेल आणि ९३ चा कॉर्न शेल तो तुकडा आपल्याच शेलमध्ये चालवतात, म्हणून मोजणी जिवंत राहते. शेलने कसं वागावं हे ठरवणारं पॉसिक्स मानक दोन्ही वागण्यांना परवानगी देतं. म्हणजे कुणीच चूक नाही; अशा मोजणीवर विसंबणारी स्क्रिप्ट चूक. बॅशला मी मास्तर मानून बसले होते, पण बॅश इथे इतरांसारखाच एक विद्यार्थी होता. ३२ च्या ३२ उत्तरं पुसली आणि "या ओळीने ग्राहकासाठी काय करायला हवं" हे विचारून पुन्हा हाताने लिहिली. चार दिवस गेले. आमच्या एका स्क्रिप्टमध्ये नेमकी अशीच मोजणी होती, ती सेंटओएसवरही वर्षानुवर्षं शून्यच सांगत होती आणि तो आकडा कुणी वाचत नव्हतं.

दुसरा अडथळा चाचण्या चालवणाऱ्या यंत्रणेचा. सुरुवात बॅट्स या तयार चाचणी-साधनावर केली, वापरायला छान आहे, पण ते स्वतः बॅशमागे चालतं आणि कारखान्याच्या त्या एआयएक्सवर बॅश नव्हता. शेवटी ९० ओळींचा चालक साध्या एसएचमध्ये स्वतः लिहिला. तो प्रत्येक चाचणीला ठरलेल्या शेलकडे देतो आणि "ओके" किंवा "नॉट ओके" छापतो. असं काही लिहायची वेळ आली तर तीन गोष्टी पहिल्या दिवसापासून करा. प्रत्येक चाचणीचं इनपुट डेव्ह-नल या कायम रिकाम्या फाइलला जोडा, नाहीतर एखादी चाचणी कीबोर्डची वाट बघत रात्रभर लटकते. माझी लटकली होती, आणि ठरावीक वेळाने काम थांबवणारी टाइमआउट कमांड आमच्या मॅकवर नव्हती. प्रत्येक चाचणी कोऱ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये चालवा, म्हणजे कुणाच्या घरची सेटिंग मध्ये येणार नाही. आणि चाचणीच्या तात्पुरत्या फोल्डरच्या नावात मुद्दाम मोकळी जागा ठेवा. मी "नवी मुंबई" असं देवनागरी नाव दिलं. अवतरण चिन्हं विसरलेल्या सात स्क्रिप्ट पहिल्याच दिवशी उघड्या पडल्या.

डेस्कटॉप आल्यावर डेबियन, अल्पाइन आणि बॅशच्या जुन्या आवृत्त्या कंटेनरमध्ये बसवल्या. बॅशच्या अधिकृत इमेज आवृत्तीनुसार मिळतात, त्यामुळे ३.२ साठी रोज कुणाचा मॅक मागावा लागला नाही. फ्रीबीएसडीला मात्र पूर्ण व्हर्च्युअल मशीन लागतं, कारण कंटेनर लिनक्सचाच कर्नल (प्रणालीचा गाभा) वापरतो. ही सगळी मांडणी दोन दिवसांत झाली.

एआयएक्सला महिनाभर लागला. ते पॉवर प्रोसेसरवरच चालतं, आमच्या डेस्कटॉपवर त्याची नक्कल करणं शक्य नव्हतं. म्हणजे ग्राहकाच्या मशीनवरच जायचं. २४ सप्टेंबरला लेटरहेडवर अर्ज दिला. त्यांनी मागितलेली कागदपत्रं: प्रत्येक चाचणी काय करते याची यादी, ती कुठलीही फाइल बदलणार नाही याचं लेखी आश्वासन, गोपनीयतेचा करार, माझं ओळखपत्र आणि लॅपटॉपचा सीरियल नंबर. अर्ज दोनदा परत आला. एकदा यादीत "टेस्ट" हा शब्द होता आणि चालू मशीनवर टेस्ट करता येत नाही असा त्यांचा नियम. तो "व्हेरिफिकेशन" केला. दुसऱ्यांदा, मी मागितलेला युजर. मी नेहमीचाच युजर मागितला होता, त्यांनी वेगळा, मर्यादित हक्कांचा युजर दिला. त्यांचंच बरोबर होतं, मी ते आधीच मागायला हवं होतं. परवानगी २१ ऑक्टोबरला आली: रविवार, २७ ऑक्टोबर, सकाळी ६ ते ९.

दिवाळीच्या आधीचा रविवार. घरी फराळाची गडबड आणि मी पहाटे साडेचारला उठून ठाणे स्टेशन गाठलं. पेन ड्राइव्ह गेटवरच जमा केला. चाचण्या मी आधी मेलने पाठवल्या होत्या, पण त्यांच्या मेल सर्व्हरने स्क्रिप्टच्या फाइली काढून टाकल्या होत्या. सुदैवाने तिथे एक काका होते, त्या मशीनवर एकोणतीस वर्षं काम केलेले. त्यांनी आपल्या एसएफटीपीवरून आतल्या मार्गाने फाइली घेतल्या. पाऊण तास त्यात गेला. अशा ठिकाणी फाइली कशा आत जाणार हे दोन दिवस आधी फोनवर नक्की करून घ्या.

काकांनी यादी चष्मा वर करून वाचली आणि म्हणाले, "बाई, यातल्या निम्म्या ठिकाणी शेलचा दोष नाही निघायचा. तुम्ही डेटला मायनस डी देताय, टारला झेड देताय. ते आमच्या मशीनला कुठे येतं?" आणि तसंच झालं. ५१ चाचण्यांपैकी १९ पडल्या, त्यातल्या अकरा शेलमुळे नव्हत्याच. कालची तारीख काढणारा तो पर्याय जीएनयूच्या डेटचा आहे; एआयएक्सवर नाही, फ्रीबीएसडी आणि मॅकवर वेगळा आहे. सेड कमांडने फाइलमध्ये जागेवर बदल करणंही असंच. त्या दिवसापासून मी चाचण्यांचे दोन ढीग केले: शेलचे आणि कमांडचे. हे मला महिनाभर आधी सुचलं असतं तर किती तरी गोंधळ वाचला असता. काकांनी जाताना डब्यातली शेव दिली.

याच कमांडच्या ढिगात मला सगळ्यांत जवळची वाटलेली चाचणी आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, स्थलांतर झालेल्या दुसऱ्या एका गोदामातून तक्रार आली, "गोणीच्या लेबलवर गावाच्या जागी 'कोप' छापून येतंय आणि पुढे एक चौकट." गाव होतं कोपरखैरणे. स्क्रिप्ट गावाच्या नावाची पहिली दहा अक्षरं कट या कमांडने कापून लेबलला देत होती. कोपरखैरणे या शब्दात संगणकाच्या हिशोबाने नऊ खुणा आहेत, काना-मात्रा वेगळ्या धरून. प्रत्येक खूण यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट, एकूण सत्तावीस. सेंटओएसच्या कटमध्ये रेड हॅटने अक्षरं मोजणारी सुधारणा घातलेली होती, त्यामुळे पूर्ण नाव बसायचं. डेबियनचा कट अक्षराच्या नावाखाली बाइट मोजतो. दहा बाइट म्हणजे क, ओकार, प आणि पुढच्या र च्या तीन बाइटांतला एक तुटका भाग. तो तुटका भाग म्हणजे ती चौकट.

मग मी शेलची स्वतःची लांबी मोजण्याची रीतही तपासली. "ठाणे" हा शब्द. वाचणाऱ्याला दोन अक्षरं, ठा आणि णे. बॅशने ४ सांगितलं, डेबियन १२ च्या डॅशने १२. आणि तोच बॅश, लोकेल (भाषा-लिपीची सेटिंग) सी ठेवला की १२. आमच्या दोन मशीनवर क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी आपोआप) चालताना लोकेल येतच नव्हता, म्हणजे टर्मिनलवर ४ आणि रात्री १२! इंग्रजी नावांवर हे कधीच दिसलं नसतं, तिथे अक्षर आणि बाइट एकच. शेलच्या फरकांवर मी जेवढं वाचलं त्यात देवनागरीचं उदाहरण एकही नव्हतं. आपल्या गावांची, आपल्या माणसांची नावं ज्या स्क्रिप्टमधून जातात, त्यांच्या चाचण्यांत ती नावं देवनागरीतच घाला. मी अकरा चाचण्या अशा घातल्या. लेबलचं काम जीएनयूच्या ऑक कमांडकडे (गॉक) दिलं, लोकेल स्क्रिप्टमध्येच पक्का लिहिला आणि १४ नोव्हेंबरला गोणीवर पूर्ण कोपरखैरणे उमटलं. गोदामाच्या मुकादमांनी फोटो पाठवला, तो माझ्याकडे जपून आहे.

एआयएक्स वगळून सात शेलवर पूर्ण फेरी शनिवारी ९ नोव्हेंबरला झाली होती. ७४ चाचण्या, ५१८ निकाल. ४०२ जुळले. उरलेल्यांचे मी दोन भाग केले. ८९ ठिकाणी शेलने बोंब मारली: "नॉट फाउंड", "इल्लीगल ऑप्शन", काहीतरी. उदाहरणार्थ पाइपफेल, म्हणजे पाइपमधली कुठलीही कमांड फसली तर सगळं फसलं धरणारा पर्याय. २०२४ च्या पॉसिक्स मानकात तो आला, पण डेबियन १२ च्या डॅशला माहीत नाही; तो तिथेच थांबतो. असं थांबलेलं बरं, सकाळी कळतं तरी. २७ ठिकाणी मात्र फरक मुका होता. शेल काही बोलला नाही, यशस्वी म्हणाला आणि काम वेगळंच झालं. आमचे अकरा दिवस त्यातच होते. मजकूर छापणारी इको कमांडही त्यातच: सामायिक फोल्डरच्या विंडोज पद्धतीच्या पत्त्यात उलट्या तिरक्या रेघेनंतर एन आला की डॅशचा इको तिथे ओळ तोडतो, बॅशचा तोडत नाही. एका ग्राहकाचा पत्ता दोन ओळींत तुटून फाइलमध्ये जात होता. झेडशेलमध्ये अवतरणाशिवाय लिहिलेलं चल (व्हेरिएबल) सुट्या शब्दांत मोडत नाही, म्हणून पाच फाइलींचा लूप एकदाच फिरतो.

मुके फरक आधी घेतले, बोंब मारणारे नंतर. काम वाटायला बसाल तेव्हा हाच क्रम ठेवा, मोठ्या आकड्याकडे बघून ८९ ला हात घालू नका.

दुरुस्तीत प्रत्येक स्क्रिप्टला एकच प्रश्न विचारला: हिला बॅश खरंच हवा आहे का? ज्या स्क्रिप्टमध्ये ॲरे (यादी साठवणारे चल) वगैरे होते, तिथे पहिल्या ओळीत सरळ बॅश लिहिलं आणि मशीनवर तो आहे याची खात्री केली. बाकीच्यांत साधी रीत वापरली: &> च्या जागी नेहमीचं बोलणं आणि चुका असे दोन्ही रस्ते वेगळे लिहून फाइलकडे वळवले, इकोऐवजी प्रिंटएफ, सोर्सऐवजी टिंब, चलांना अवतरणं. १६३ पैकी ४१ स्क्रिप्ट बदलल्या. ज्युनियर मुलगा सुरुवातीला म्हणायचा, "ताई, चालतंय तर कशाला हात लावायचा?" डिसेंबरमध्ये तोच स्वतःहून चाचणी लिहून आणायला लागला.

८ डिसेंबरच्या रविवारी कारखान्यात दुसरी फेरी झाली. या वेळी परवानगी नऊ दिवसांत मिळाली, कारण जुन्या अर्जाची पोच जोडली होती. पोच जपून ठेवा. शेलच्या ढिगातल्या सर्व चाचण्या तिथे जुळल्या. काकांनी सगळ्या चाचण्यांची प्रत मागून घेतली, फेब्रुवारीत ते निवृत्त होणार होते आणि नव्या माणसाला समजवायला त्यांना ती हवी होती.

खर्चाचं विचारलंत तर मशीनचे २१,२४० आणि रिक्षा-लोकल-चहाचे साधारण हजारभर. साधनं सगळी फुकट. वेळ मात्र माझे अडतीस दिवस, ज्युनियरचे चौदा. आता रोज संध्याकाळी सातला सगळ्या चाचण्या आपोआप चालतात, एआयएक्स सोडून. साडेसहा मिनिटं लागतात. स्थलांतराच्या चेकलिस्टमध्ये पहिली ओळ आहे: नव्या मशीनवर बिन-एसएच कुठे जातो ते लिहा. फायरवॉलवरची एक चाचणी अजून पडते, तारखेचीच, ती मी उघडी ठेवली आहे. त्यावर सध्या एकच स्क्रिप्ट आहे आणि ती महिन्यातून एकदा हाताने चालते.

शनिवारी, २५ जानेवारी २०२५ ला आम्ही तुर्भ्याच्या शीतगृहात पुन्हा गेलो, या वेळी स्वतःहून. मालकांना म्हटलं, तुम्ही कुठलीही एक फाइल सांगा. त्यांनी १९ जानेवारीची आवक-नोंद सांगितली. वेगळ्या फोल्डरमध्ये ती बॅकअपमधून काढली, उघडली आणि त्यांच्या कागदी पावत्यांशी एकेक ओळ ताडून पाहिली. सत्तेचाळीस ओळी होत्या. सत्तेचाळीसही जुळल्या.